बाल्टिमोरचे दोन सेमिनार : शुद्ध गणित आणि श्रमिकांचे अर्थशास्त्र

‘सेमिनार’ हा शब्द आपल्या विद्यापीठांच्या वेळापत्रकांत इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ काय हे विचारण्याचे कोणास कारणच पडत नाही. लॅटिन भाषेत ‘सेमिनारिउम’ म्हणजे रोपवाटिका. जेथे बी पेरावयाचे, रोप हाताएवढे वाढवावयाचे आणि नंतर ते दुसऱ्या वावरात लावण्यासाठी उपटून न्यावयाचे, ती जागा. अठराव्या शतकात ग्योटिंगेन व हाले येथील जर्मन विद्यापीठांनी हा शब्द उचलला तो प्राचीन भाषांचे शिक्षक तयार करण्यासाठी. व्याख्यान ऐकून टिपणे काढणारा विद्यार्थी तेथे प्रथमच स्वतः निबंध वाचू लागला आणि सहाध्यायांच्या हरकतींना उत्तरे देऊ लागला. पुढे १८३४ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे याकोबी व फ्रान्झ नॉयमान यांनी ही पद्धती गणित व भौतिकी यांत आणली. १८६१ मध्ये कुमर व वायरस्ट्रास यांनी बर्लिनला केवळ शुद्ध गणितासाठी सेमिनार उघडला. पुढच्याच वर्षी त्याच नगरीत एर्न्स्ट एंगेल याने प्रशियाच्या सांख्यिकी कार्यालयाशी संलग्न असा दुसरा एक सेमिनार सुरू केला. त्याचा विद्यार्थी लुयो ब्रेंटानो हा १८६८ मध्ये गुरूबरोबर इंग्लंडात गेला व तेथील कामगार संघटना प्रत्यक्ष पाहून त्यांवर ग्रंथ लिहिता झाला. श्रमिकांचा प्रश्न हा दानधर्माचा किंवा पोलिसांचा विषय न राहता संशोधनाचा विषय झाला, त्याचा एक उगम येथे सापडतो.

शुद्ध गणित व श्रमिकांचे अर्थशास्त्र यांचे सेमिनार एकाच विद्यापीठात, एकाच दशकात, एकाच तिजोरीवर चालले आणि अखेर त्यांची एकमेकांशी टक्करही झाली, असे उदाहरण मात्र जर्मनीत नव्हे, अमेरिकेत मिळते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पहिल्या सोळा वर्षांचा हा इतिहास आहे. गणित हे जगाच्या धुळीपासून दूर आणि श्रमिकांचे अर्थशास्त्र मात्र त्या धुळीत लडबडलेले, अशी जी समजूत आपल्याकडे विद्याशाखांच्या बैठकांतूनही अधूनमधून डोकावते, ती तपासून पाहण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

विद्यापीठाचा संस्थापक जॉन्स हॉपकिन्स हा व्यापारी १८७३ मध्ये वारला. त्याने मागे ठेवलेल्या सत्तर लाख डॉलरांच्या देणगीतून एक विद्यापीठ व एक रुग्णालय निघावयाचे होते. विद्यापीठाच्या वाट्यास आलेल्या संपत्तीचा मोठा भाग बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वे कंपनीच्या भागांत गुंतलेला होता. प्रथम अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन याने इमारतींवर पैसा न घालता तो माणसांवर घातला. प्रत्येकी ५०० डॉलरांच्या वीस फेलोशिपा त्याने आरंभीच जाहीर केल्या. अध्यापनाचे काम न लादता तरुण पदवीधराला केवळ अभ्यासासाठी वेतन द्यावयाचे, ही कल्पना त्या देशात जवळजवळ नवीन होती.

विद्यापीठ १८७६ च्या शरद ऋतूत सुरू झाले. पुढच्याच जुलैत त्याच रेल्वे कंपनीने कामगारांच्या वेतनात दहा टक्के कपात केली. १६ जुलै १८७७ रोजी मार्टिन्सबर्ग येथे संप सुरू झाला व पाहता पाहता तो देशभर पसरला. २० जुलैला बाल्टिमोरच्या रस्त्यांत राज्याच्या सैन्यदलाने जमावावर गोळीबार केला व दहाच्या आसपास माणसे ठार झाली. ज्या लाभांशावर गणिताच्या फेलोंचे वेतन निघत होते, तो लाभांश आणि ही वेतनकपात एकाच हिशेबवहीतल्या दोन नोंदी होत. त्या वेळी ही गोष्ट विद्यापीठात कोणी उघडपणे बोलून दाखवावी, अशी अपेक्षाही करता येत नाही. परंतु पुढील घटनांचा अर्थ लावताना ती विसरून चालत नाही.

गणिताच्या अध्यासनावर गिलमनने जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर याला आणले. ‘रँग्लर’ ही पदवी आपल्याकडे १८९९ मध्ये र. पु. परांजपे यांच्यामुळे घरोघरी माहीत झाली. सिल्व्हेस्टर हा १८३७ चा केंब्रिजचा दुसरा रँग्लर. परंतु तो यहुदी असल्याने आंग्ल धर्मपीठाच्या एकोणचाळीस कलमांवर सही करू शकत नव्हता, आणि त्या सहीवाचून केंब्रिज त्याला पदवी देत नव्हते. विमा कंपनीतील गणितज्ञ, वकील, वुलिच येथील लष्करी विद्यालयातील प्राध्यापक अशा वाटांनी त्याचे आयुष्य गेले. केंब्रिजची पदवी हाती पडली ती १८७२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. बाल्टिमोरला तो आला तेव्हा एकसष्टी उलटली होती. वार्षिक ५,००० डॉलर वेतन आणि तेही सोन्यात मिळावे, असा त्याचा आग्रह होता व तो मान्य झाला.

अध्यापक या नात्याने सिल्व्हेस्टर अत्यंत अव्यवस्थित होता, याविषयी त्याच्या विद्यार्थ्यांचे दुमत नाही. एखाद्या पाठ्यग्रंथाचे नाव घेऊन तो व्याख्यानमाला सुरू करी आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून स्वतःच्या डोक्यात चाललेल्या प्रश्नावर बोलू लागे. आदल्या रात्री सुचलेला सिद्धांत सकाळी फळ्यावर येई, आणि तो पुष्कळदा अर्धवट असे. (याच गृहस्थाने ‘रोझलिंड’ या एकाच नावाशी यमक जुळविणारी सुमारे चारशे ओळींची कविता केली होती आणि ती वाचण्यापूर्वी तिच्यावरील टिपाच दीडएक तास वाचून श्रोत्यांचा अंत पाहिला, अशी आख्यायिका त्याच्या विद्यार्थ्याने नोंदविली आहे.) परीक्षेच्या दृष्टीने असा अध्यापक निरुपयोगीच. सेमिनारच्या दृष्टीने मात्र हाच त्याचा मोठा गुण ठरला. कारण गुरूचे काम अपुरे आहे हे विद्यार्थ्याला डोळ्यांदेखत दिसत होते आणि ते पुरे करण्याची मुभा त्याला होती.

याचे उत्तम उदाहरण संख्यांच्या विभाजनाचे आहे. ५ ही संख्या ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१ आणि १+१+१+१+१ अशा सात प्रकारांनी लिहिता येते. म्हणून ५ ची विभाजने सात. ज्या विभाजनांत एकही पद पुन्हा येत नाही, त्यांविषयी ऑयलरने अठराव्या शतकात एक नवलाचा सिद्धांत सिद्ध केला होता. अशा विभाजनांपैकी समसंख्य पदांची आणि विषमसंख्य पदांची विभाजने सामान्यतः सारखीच असतात. केवळ १, २, ५, ७, १२, १५ अशा विशिष्ट संख्यांच्या बाबतीत त्यांत एकाचा फरक पडतो. ऑयलरची सिद्धता बीजगणिती होती. ती पटते, पण असे का घडते हे तिच्यातून दिसत नाही.

सिल्व्हेस्टरचा विद्यार्थी फेबियन फ्रँकलिन याने १८८१ मध्ये जी सिद्धता पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तपत्रिकेत प्रसिद्ध केली, ती केवळ ठिपक्यांची आहे. प्रत्येक पदासाठी तितक्या ठिपक्यांची एक ओळ मांडावी. मोठी ओळ वर, लहान खाली, आणि सर्वांची डावी कड सरळ. आता सर्वांत खालची ओळ पाहावी आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातून तिरपी उतरणारी कड पाहावी. खालची ओळ तिरप्या कडेहून लांब नसेल तर ती उचलून त्या कडेला लावावी; तसे नसेल तर ती तिरपी कडच उचलून तळाशी नवी ओळ म्हणून ठेवावी. प्रत्येक वेळी पदांची संख्या एकाने बदलते, म्हणजे सम विभाजनाला एक विषम जोडीदार मिळतो. ७ घेतल्यास ७ ची जोडी ६+१ शी जमते, ५+२ ची ४+२+१ शी. ४+३ मात्र एकटे उरते. कारण त्याची तिरपी कड उचलून खाली ठेवल्यास ३+२+२ होते आणि २ हे पद पुन्हा येते. ऑयलरच्या सूत्रातील अपवाद म्हणजे असे एकटे उरलेले विभाजन होय. ज्याला बेरजेपलीकडे गणित येत नाही त्यालाही ही सिद्धता समजू शकते. शंभराहून अधिक वर्षे नामांकित गणितज्ञांना न दिसलेली ही गोष्ट एका नव्या विद्यापीठातील तरुणाला दिसली, यात सेमिनार या पद्धतीचे जितके समर्थन आहे तितके कोणत्याही शिक्षणशास्त्रीय विवेचनात नाही.

विल्यम डर्फी या दुसऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक ठिपक्यांच्या आकृतीच्या कोपऱ्यात मावणारा सर्वांत मोठा चौरस शोधून त्यावरून विभाजनांचे वर्गीकरण केले. ‘डर्फीचा चौरस’ हे नाव आजही पाठ्यग्रंथांत आहे. १८८२ मध्ये सिल्व्हेस्टरने हे सारे एकत्र करून विभाजनांच्या रचनात्मक सिद्धांतावर दीर्घ निबंध लिहिला. नाटकाप्रमाणे त्याचे तीन अंक पाडले आणि विद्यार्थ्यांचे शोध त्यांच्या त्यांच्या नावाने आत गुंफले. तो प्रसिद्ध झाला ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये. हे नियतकालिक १८७८ मध्ये विद्यापीठानेच सुरू केले होते. त्याखेरीज सेमिनारच्या बैठकांत वाचलेल्या निबंधांचे सारांश १८७९ पासून निघू लागलेल्या विद्यापीठाच्या ‘सर्क्युलर्स’मध्ये छापले जात. तोंडी चर्चा छापील पानावर येणे, आणि तेही काही आठवड्यांत येणे, ही सवय विद्यापीठाला येथे लागली. प्रस्तुत पत्रिकेसारख्या विभागीय प्रकाशनांचे गोत्र त्या ‘सर्क्युलर्स’पर्यंत नेता येईल.

या मंडळात एक स्त्रीही होती. क्रिस्टीन लॅड हिला विद्यापीठाच्या नियमांनी प्रवेश नव्हता. सिल्व्हेस्टरच्या आग्रहामुळे १८७८ मध्ये अपवाद म्हणून तो मिळाला. तिने गणित केले आणि चार्ल्स पर्सच्या तर्कशास्त्राच्या वर्गातही ती बसली. १८८३ मध्ये पर्सने संपादित केलेल्या तर्कशास्त्रीय निबंधसंग्रहात तिचा निबंध आहे. डॉक्टरेटसाठी लागणारे सर्व काम तिने १८८२ पर्यंत पुरे केले. पदवी मात्र मिळाली नाही. स्वतः धर्मामुळे पदवीस मुकलेल्या सिल्व्हेस्टरला दार किलकिले करता आले. ते पुरते उघडणे विश्वस्तांच्या हाती होते आणि त्यांनी ते उघडले नाही. शुद्ध गणित निष्पक्षपाती असेल. गणिताच्या खोलीला दार असते.

याच सुमारास, म्हणजे १८८१ मध्ये, रिचर्ड टी. ईली हा सत्तावीस वर्षांचा तरुण अर्थशास्त्र शिकविण्यासाठी बाल्टिमोरला आला. (सिल्व्हेस्टरच्या विद्यार्थ्यांत जी. एस. ईली नावाचाही एक होता. जुनी पत्रके चाळताना गफलत होऊ नये.) हायडेलबर्ग येथे कार्ल क्नीस याच्याकडे त्याने १८७९ मध्ये डॉक्टरेट घेतली होती. इतिहासाचा प्राध्यापक हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स याच्या सेमिनारशी ईलीचे काम जोडलेले होते आणि १८८२ पासून निघणाऱ्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ग्रंथमालेत दोघांच्या विद्यार्थ्यांचे निबंध छापले जात. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला वुड्रो विल्सन हा त्यांतीलच एक.

ईलीच्या अध्यापनाचा गाभा असा की, मजुरी कशी ठरते हे केवळ मागणी-पुरवठ्याच्या गृहीतकांवरून सांगता येत नाही. कामगार संघटनांच्या घटना, त्यांची वृत्तपत्रे, संपांची पत्रके, सहकारी दुकानांच्या वह्या हे सारे जमवून वाचले पाहिजे. १८८८ मध्ये ग्रंथमालेत निघालेला अमेरिकेतील सहकाराचा इतिहास हे त्या पद्धतीचे फळ. ॲल्बर्ट शॉ, एडवर्ड बेमिस, एमॉस वॉर्नर प्रभृती विद्यार्थ्यांनी देशाचे निरनिराळे भाग वाटून घेऊन त्यातील प्रकरणे लिहिली. शॉने मिनिॲपोलिस येथील पिंपे बनविणाऱ्या कारागिरांच्या सहकारी मंडळांचा जो अभ्यास केला, तो आजही वाचनीय आहे. फ्रँकलिन ठिपके हलवून पाहत होता, शॉ पिंपे बनविणाऱ्यांचे जमाखर्च पाहत होता. सूत्र पाठ न करता वस्तू हाती घेऊन पाहावयाची, हे दोन्हीकडे समान होते.

१८८३ च्या अखेरीस सिल्व्हेस्टर ऑक्सफर्डच्या अध्यासनावर गेला. गिलमनने फेलिक्स क्लाइनला पाचारण केले. त्याने नकार दिला. अखेर १८८४ मध्ये सायमन न्यूकम हा ज्योतिर्विद गणित व ज्योतिषाचा प्राध्यापक म्हणून नेमला गेला. वॉशिंग्टनच्या नाविक पंचांग कार्यालयाचा तो प्रमुख होता, आणि ग्रहगणितात त्याची योग्यता वादातीत होती. परंतु न्यूकमला अर्थशास्त्राचाही नाद होता, आणि त्याची मते अनिर्बंध स्पर्धेची होती. ईलीने १८८४ मध्ये जुन्या व नव्या अर्थशास्त्राची तुलना करून जुन्याला निगमनाच्या पोकळ डोलाऱ्यात काढले. त्याला न्यूकमने त्याच वर्षी ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’मध्ये उत्तर दिले. १८८५ मध्ये ईलीच्या पुढाकाराने अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मूळ मसुद्यात शासनाच्या हस्तक्षेपाचा उघड पुरस्कार होता.

मग १८८६ हे वर्ष उजाडले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला आणि संघटित कामगार म्हणजे अराजकवादी, हे समीकरण वृत्तपत्रांनी रूढ केले. त्याच वर्षी ईलीचा अमेरिकेतील कामगार चळवळीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘नेशन’ साप्ताहिकात न्यूकमने त्याचे विनास्वाक्षरी परीक्षण केले. असा लेखक विद्यापीठाच्या अध्यासनावर शोभत नाही, असा त्याचा आशय होता. परीक्षक व लेखक एकाच विद्यापीठात पगार घेत होते, हे वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. न्यूकमने श्रमिकांच्या प्रश्नावर सामान्य वाचकांसाठी स्वतःही एक पुस्तक त्याच वर्षी काढले.

हा वाद ‘गणिती विरुद्ध इतिहासवादी’ असा सरळ मांडणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. न्यूकमच्या १८८६ च्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात चलनाच्या अभिसरणाचे जे समीकरण आहे, ते पुढे अर्व्हिंग फिशरने विकसित केले आणि १९११ चा आपला ग्रंथ न्यूकमच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणजे त्याचे अर्थशास्त्र हौशी माणसाची लुडबुड नव्हती. उलट ईलीच्या ग्रंथात कळकळ पुष्कळ असली तरी जागोजागी उपदेशकाचा सूर लागतो, आणि तेथे न्यूकमची टीका खरी आहे. आमच्या मते न्यूकम चुकला तो दुसऱ्याच ठिकाणी. पुस्तकातील दोषांवरून त्याने लेखकाच्या अध्यासनाकडे बोट दाखविले. डर्फीच्या किंवा फ्रँकलिनच्या सिद्धतेत चूक निघाली असती तर ती सेमिनारच्या फळ्यावर दुरुस्त झाली असती. कोणी त्यांची फेलोशिप काढून घ्या असे म्हटले नसते. संपांविषयीच्या चुकीला मात्र तशी मुभा नव्हती. गिलमनने ईलीला सोडले नाही व १८८७ मध्ये बढतीही दिली, हे त्याच्या खाती जमा करावयास हवे.

दशकाच्या अखेरीस रेल्वे कंपनीचा लाभांश थांबला आणि विद्यापीठाची तिजोरी आटली. याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. केली मिलर हा कृष्णवर्णीय तरुण १८८७ पासून तेथे गणित, भौतिकी व ज्योतिष शिकत होता. त्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि त्याची शिफारस करणारा होता न्यूकम. १८८९ मध्ये फी वाढली व मिलरला शिक्षण सोडावे लागले. पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्याने गणिताबरोबर समाजशास्त्र शिकविले. श्रमिकांच्या प्रश्नावर कठोर असणाऱ्या न्यूकमचे हे दुसरे अंग ध्यानात ठेवले म्हणजे माणसांना दोन रकान्यांत टाकण्याचा मोह आवरतो.

दोन्ही रोपवाटिकांचे पुढे काय झाले? गणिताचे केंद्र बाल्टिमोरहून हलले. सिल्व्हेस्टरचा सहकारी विल्यम स्टोरी १८८९ मध्ये क्लार्क विद्यापीठात गेला आणि १८९२ नंतर शिकागोला मूर याच्याभोवती नवी शाळा उभी राहिली. ती सिल्व्हेस्टरच्या परंपरेतील नव्हती. त्याची शाळा त्याच्या उत्साहावर चालली होती व त्याच्याबरोबर संपली. टिकला तो निबंध. फ्रीमन डायसनने १९४४ मध्ये रामानुजनच्या विभाजनविषयक निष्कर्षांना आकृतींच्या भाषेत अर्थ देण्याचा जो प्रश्न मांडला आणि अँड्र्यूज व गार्वन यांनी १९८८ मध्ये ज्याचे उत्तर पुरे केले, तो त्याच ठिपक्यांच्या वाटेवरचा आहे.

ईली १८९२ मध्ये विस्कॉन्सिनला गेला. तेथे १८९४ मध्ये राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने त्याच्यावर संपांना व बहिष्कारांना उत्तेजन दिल्याचा आरोप केला. चौकशी होऊन नियामक मंडळाने त्याला दोषमुक्त केले आणि सत्याच्या शोधासाठी निर्भय पाखडणी चालू राहिली पाहिजे, अशा अर्थाचा ठराव केला. १९१५ मध्ये तो विद्यापीठाच्या इमारतीवर धातूच्या पट्टीत कोरून लावला गेला. ठराव उदात्त आहे. पण ईलीचा बचाव तितका उदात्त नव्हता. संपाचे समर्थन करण्याचा प्राध्यापकाला अधिकार आहे असे तो म्हणाला नाही. आरोप खोटे आहेत, आणि खरे असते तर आपण पदास अपात्रच ठरलो असतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी त्याचा विद्यार्थी बेमिस याला शिकागो विद्यापीठातून जावे लागले, तेव्हा अशी पट्टी कोणी लावली नाही.

तरीही श्रमिकांच्या अर्थशास्त्राची शाळा टिकली, याचे कारण ती कागदांवर उभी होती. बाल्टिमोरला परीक्षेत नापास होऊन पदवीवाचून परतलेला जॉन कॉमन्स याला ईलीने १९०४ मध्ये विस्कॉन्सिनला बोलावले. कॉमन्स व त्याचे विद्यार्थी यांनी गावोगावची पत्रके, न्यायालयीन कागद आणि संघटनांची इतिवृत्ते जमवून १९१० पासून अमेरिकन औद्योगिक समाजाच्या साधनांचे खंड काढले. त्यांवरून १९१८ मध्ये अमेरिकेतील श्रमाचा इतिहास दोन खंडांत लिहिला. त्यातील प्रकरणे हेलन समनर, सॅपॉस, पर्लमन अशा सेमिनारमधील सहकाऱ्यांच्या नावाने आहेत. १९११ चा विस्कॉन्सिनचा कामगार नुकसानभरपाई कायदा व १९३२ चा बेकारी भत्त्याचा कायदा यांमागे याच मंडळींचे श्रम होते.

याच पिढीतील एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८८५ च्या असोसिएशनच्या संस्थापकांत ईलीबरोबर एडविन सेलिग्मन होता. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे विद्यार्थी. आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला, तो गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते.

क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन हिला जॉन्स हॉपकिन्सने डॉक्टरेट दिली ती १९२६ मध्ये, विद्यापीठाच्या सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात. तेव्हा तिचे वय अठ्ठ्याहत्तर होते आणि प्रबंध पुरा होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती.